बेपत्ता भासऱ्यांची फिल्म

“मी बांगड्या फोडणार न्हाई!” माझी थोरली जाऊ केशरबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

“अक्का, शिनेमापुरत्या फोडा. नव्या मी भरते!” मी समजावलं.

“आज शिनेमात फोडल्या की उद्या गाव मला इधवाच ठरवल. मंग मी काय करू?”

कॅमेरेवाले दिनकरराव उन्हाकडं बघत होते. समोर कोरड्या ओढ्यात, दोन बादल्या पाण्यानं भिजवलेलं आमचं प्रेत पडलं होतं.

सुरुवात एका पोस्टकार्डापासून झाली. निजामाच्या शेवटच्या हिवाळ्यात माझे भासरे लिंबाजीराव कापसाची गाडी घेऊन मानवतला गेले. बैल परत आले, भासरे नाही. चौकशीचे कागद झाले उर्दूत. राज्य बदललं आणि नव्या जमादाराला ते वाचता येईनात. तपास तिथंच बसला. मी पुड्यांच्या कागदावर अक्षरं शिकलेली बाई. दहा वर्षांत सरकारला जमलं नाही ते मी करून दाखवीन म्हटलं, आणि खऱ्या घटनांच्या फिल्मा काढणाऱ्या दिनकररावांना औरंगाबादेला कार्ड टाकलं. ते चक्क आले!

तपास मी दीड दिवसात संपवला. भासरे ओढ्याच्या पुरात वाहून गेले होते.

“हिवाळ्यात पूर?” आमचे हे म्हणाले.

मी नुसतं बघितलं. पूर आला.

भासऱ्यांचं काम करायला पाथरीकडून एक दाढीवाला गडी आपणहून आला. बारा दिवस आमच्या गोठ्यात राहिला, केशरबाईचं पाणी भरलं, वैरण तोडली. कामाला चांगला, पण नट म्हणून अगदीच कच्चा.

“असं फेंगडं काय चालतोस? आमचे भासरे वाघासारखे चालायचे!” मी त्याला रोज झापायची. (भासऱ्यापुढं आमचा पदर नाकापर्यंत. सहा वर्षं एका घरात राहून मी त्यांचे फक्त पाय बघितलेले. पण ते पाठ होते! या गड्याला दिनकररावांनी स्वतःचे बूट घालायला लावले होते, त्याला मी काय करू?)

तर, मी केशरबाईचा हात धरला. “फोडा म्हणते ना!”

तेवढ्यात प्रेत उठून बसलं. “तिला नगा फोडाया लावू! म्या जित्ता हाय!”

“प्रेतानं बोलायचं नसतं!” मी ओरडले.

“ते प्रेत न्हाई,” केशरबाई शांतपणे म्हणाली. “माझे मालक हायेत.”

मी झटकन पदर नाकापर्यंत ओढला. (बारा दिवस उशिरा.)

“कवा वळखलं तुमी?” मी पदराआडून विचारलं.

“आले त्याच दिशी. म्हणलं, आधी बघू. दहा वर्षांनी आलेत, ऱ्हातेत का पुन्हा जातेत.”

“मला बी ठावं होतं,” आमचे हे म्हणाले. “दोनदा सांगाया आलो, तर तू गप बसविलंस.”

शूटिंग बघायला जमलेल्या गावानंही मागून माना डोलावल्या. दिनकरराव कॅमेरा पेटीत भरायला लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“तपास मी करायले, अन् मलाच कुणी कसं सांगितलं न्हाई?”

केशरबाईनं एकदाच माझ्याकडं बघितलं.

“बारा दिस तू समद्यांना सांगायलीस, धुरपदे, इचारलंस कुणाला?”