गोल किसणी

सुलक्षणाबाईंनी सहा किलो गाजरं सोलली, दही घुसळलं, कोथिंबीर चिरली आणि मग पिशवीत किसणी शोधायला घेतली. किसणी सापडेना. मराठी मंडळाची दोन हजार सहा सालची दिवाळी, विलायतेतल्या बेसिंगस्टोकमधला चर्चचा हॉल, जेवायला सव्वाशे माणसं, आणि कोशिंबीर सुलक्षणाबाईंच्या गळ्यात.

त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं, त्याला कारण होतं. त्यांचे यजमान डॉक्टर शशिधर भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसांना झोपवायचे आणि संध्याकाळी तबला-ढोलकीने शेजाऱ्यांना जागं ठेवायचे. इथेच जन्मलेल्या मुलीला, शाल्मलीला, त्यांनी तेरा वर्षं तबला शिकवला. दोन वर्षांपूर्वी तिने तो कपाटात ठेवला आणि मेरेंगे वाजवणाऱ्या बँडमध्ये शिरली. मेरेंगे म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकचं नाचाचं संगीत. तिच्या वाद्याबद्दल कुणीतरी डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते तिच्यासमोरच म्हणाले, "तेरा वर्षं तालीम घेऊन आमची कन्या भांडी घासते." तेव्हापासून बापलेक फोनवर हवामान आणि मोटरवे यांपलीकडे बोलत नसत.

सुलक्षणाबाईंना हे सहन होत नव्हतं. म्हणून त्यांनी मंडळाच्या अध्यक्ष आशाताईंच्या मागे लागून नाट्यगीत आणि जेवण यांच्यामध्ये मुलीच्या बँडसाठी पंधरा मिनिटं मिळवली होती. एकदा बापाने ऐकलं की विरघळेल, असा त्यांचा हिशेब. स्वतः मात्र त्यांनीही तो बँड कधी ऐकला नव्हता. नवऱ्याला घरी ठेवून जायचं धाडस झालं नव्हतं.

आता टेबलावर त्यांना एक स्टीलची नळी दिसली. हातभर लांब, मागे मूठ, अंगभर बारीक टोकं. त्यांनी ती उलटी करून पाहिली. नाव नव्हतं. मंडळाच्या स्वयंपाकघराचा कायदा साधा होता: भांड्यावर आपलं नाव घालून आणायचं, बिननावाचं भांडं मंडळाचं. एका हरवलेल्या झाऱ्यावरून हा कायदा सुलक्षणाबाईंनीच केला होता.

"आशाताईंनी वेम्बलीहून नवीन आणलेली दिसते," असं म्हणत त्यांनी गाजर घासलं. किस सुरेख पडत होता. पाचव्या किलोला त्यांनी जरा जोर लावला, तशी नळी पोटात चेपली. सहाव्या किलोला तिने जीव टाकला. सुलक्षणाबाईंनी ती स्वच्छ धुतली आणि सिंकशेजारी उपडी घातली.

तेवढ्यात शाल्मली आत आली. "आई, माझा ग्विरा बघितली का? आम्ही सगळा सामान इथेच ठेवला होता. स्टीलचा, लाँग, असा राउंड?"

"कशाला हवीय?"

"वाजवायला. ट्वेंटी मिनिट्समध्ये आम्ही ऑन आहोत."

सुलक्षणाबाईंनी सिंककडे पाहिलं. "मी धुतलीय," त्या म्हणाल्या. सगळ्यात आधी आपण हेच का सांगितलं, हे त्यांनाही कळलं नाही.

शाल्मलीने वाजवायचा तारांचा काटा नळीवर ओढला. खर्र व्हायच्या जागी फस्स झालं आणि गाजराचा चोथा तिच्या कुर्त्यावर पडला. ती तांदळाच्या पोत्यावर बसली. "बाबा म्हणाले होते ना, भांडी. आता ती रिअली भांडी झाली."

"चुकलं गं माझं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

तिच्या मागोमाग आत आलेला बँडचा ढोलवाला विल्सन मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. ब्रॅकनेलच्या ऑफिसात तो शाल्मलीच्या शेजारी बसायचा. त्याने लाटणं घेतलं आणि ते आतून ठोकून चेपलेलं पोट बाहेर काढायला गेला. लाटणं सटकलं, पत्र्याची कड तळहातात घुसली. सुलक्षणाबाई हॉलच्या दारात धावल्या. "डॉक्टर आहेत का कुणी?"

चाळीस माणसं उठली.

"अहो, तुम्ही या," त्यांनी नवऱ्यालाच बोलावलं.

डॉक्टरांनी जखम धुतली आणि पट्टी बांधली. "टाके नकोत. पण आठवडाभर या हाताने काही वाजवायचं नाही."

विल्सनने कोपऱ्यातल्या आपल्या ढोलाकडे बोट दाखवलं. दोन तोंडांचा, मांडीवर आडवा घ्यायचा, ढोलकीचा थोरला भाऊ शोभावा असा. डॉक्टरांचा हात आपोआप त्याच्याकडे गेला. विल्सनने ताल तोंडाने म्हणून दाखवला, त्यांनी तो हळूच वाजवून पाहिला.

"हा तर केरवा. नुसता घाईत निघालेला."

"घाईत नाही, बाबा," शाल्मली म्हणाली. "तुम्ही लेट आहात."

डॉक्टरांनी वर पाहिलं. हवामान आणि मोटरवे सोडून दोन वर्षांत ती पहिल्यांदाच काही बोलली होती. "मग दाखव कुठे यायचं ते," ते म्हणाले.

सुलक्षणाबाईंनी पिशवी जमिनीवर उलटी केली. नारळाच्या खालून त्यांची किसणी निघाली, नाव कोरलेली. शाल्मलीने तिच्यावर काटा ओढला. स्वच्छ, करकरीत खर्र.

"बाबा, माझ्याकडे बघा. मी मान हलवली की या."

तेरा वर्षं सम दाखवायला त्यांनी मान हलवली होती. आज ते तिच्या मानेकडे डोळे लावून बसले. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले, तिसऱ्यांदा नेमके आले. मग स्टेजवर बँडचं अ‍ॅकॉर्डियन सुटलं, किसणी खरखरली आणि जेवणाची रांग ताटं हातात धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत पुढे सरकू लागली. मध्येच डॉक्टरांनी लावणीची लग्गी, ढोलकीच्या झपाट्याच्या बोलांची लड, घुसवली. शाल्मलीने हसून ती किसणीवर जशीच्या तशी परत केली. सुलक्षणाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"कोशिंबीर काय बारीक झालीय यंदा," आशाताई म्हणाल्या. "ती गोल किसणी आपली का?"

सुलक्षणाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक डाव कोशिंबीर वाढली.

महिन्याभराने शाल्मली घरी आली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्यापुढे एक लांब खोकं सरकवलं. आत नवी ग्विरा होती. विल्सनच्या मामांकडून मागवून, वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात तिच्यावर नाव घालून आणलेली. शाल्मली बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली. "चि. शाल्मली... हिस... बाबांकडून." पुढचं तिला डोळे भरल्यामुळे दिसेना.

"खाली आणखी एक ओळ आहे," डॉक्टर म्हणाले. "ती तुझ्या आईसाठी."

सुलक्षणाबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "किसू नये."