योगेशने वाकवलेला पाइप

प्लंबरची वाट पाहण्यापेक्षा पाइप आपणच वाकवावा, असं योगेशनं एका रविवारी सकाळी ठरवलं आणि तिथंच त्याचे ग्रह फिरले.

वेळच तशी आली होती. त्याचे वडील जानराव यांना लकवा मारून गेल्यापासून ते डावा पाय ओढत चालायचे, आणि अंगणातल्या नळापाशी दोनदा पडले होते. त्यांच्यासाठी बादल्या वाहून वाहून योगेशच्या बायकोच्या, आरतीच्या कमरेनं असहकार पुकारला होता. वलगावच्या मैनाताईनं भावाला फोनवर साफ सांगितलं, की आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या या पाळीला बाबांच्या खोलीतल्या मोरीत पाणी आलं नाही तर मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाईन. बाप लेकीच्या दारी राहायला गेला की नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय उरत नाही. शिवाय बाबांशिवाय घर खायला उठेल, हेही होतंच. (हे त्यानं बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बापाशी असलं बोलत नाहीत.)

मोरीची भिंत मुळातच तिरपी, तिथं बाजारातला काटकोनी एल्बो बसेना. मग योगेशनं मोबाइलवर पाहिलं. प्लास्टिकच्या पाइपात रेती ठासायची, म्हणजे तो चपटा होत नाही, गॅसवर शेकायचा आणि हळूच वाकवायचा. रेती घरात नव्हती. कुंडीत वावरातून आणलेली काळी माती होती. रेती काय न् माती काय, म्हणून त्यानं तीच भरली.

"काहून रे, काळी माती भरून राहिला?" जानरावांनी खाटेवरून विचारलं.

"बाबा, तुमी आराम करा ना."

अख्खी हयात त्या मातीत घातलेल्या माणसानं भिंतीकडे कूस वळवली.

पाइप मात्र असा झोकात वाकला की योगेशनं आरतीला मुद्दाम बोलावून दाखवला. तिनं नाकाला पदर लावून खिडक्या उघडल्या. टोकांची माती निघाली, मधली काही केल्या निघेना. पाणी आलं की आपोआप धुऊन जाईल, असं म्हणत त्यानं अंगणातला नळ काढून त्याच लाइनीला पाइप चिकटवून टाकला.

मंगळवारी पहाटे पाणी आलं. मोरीत काळे दोन थेंब पडले आणि बंद. काळी माती पाणी प्याली की फुगते, हे वऱ्हाडात शेंबडं पोरगंही सांगेल. (योगेश कृषी पदवीधर होता.) पाइप गच्च झाला, मागचा जोड फटकन सुटला आणि आठवड्याचं पाणी अंगणातून थेट नालीत गेलं. आरती पातेलं, तांब्या, हाती येईल ते घेऊन धावली. अर्धी बादली गढूळ पाणी जमलं, तेवढ्यात नळाची वेळ संपली. ती कमरेला हात लावून ओल्या पायरीवर बसली.

दुपारी मैनाताई ऑटो घेऊन आली. जानराव पिशवी भरून बसलेच होते.

"नका जाऊ, बाबा," योगेश म्हणाला. "तुमच्याबिगर मले करमत नाही."

जानरावांनी पिशवी मांडीवर घेतली. "लेकीच्या घरी राहू नये, हे मलेबी समजते. पण सुनेची कंबर मोडून मी इथं कसा राहू?"

ते उठले आणि त्यांचा तोल गेला. मग त्यांनी योगेशनं काढून अंगणात उन्हात टाकलेला पाइप मागितला. बाप आपली आठवण म्हणून नेतोय, या विचारानं योगेशचे डोळेच भरले. जानरावांनी वळणाच्या टोकाला मूठ घट्ट धरली, पाइप फरशीवर आपटून पाहिला, अंगाचा सगळा भार टाकला. आत माती गच्च बसलेला पाइप जरासुद्धा लवला नाही. तो टेकत टेकत ते कोणाचा हात न धरता ऑटोपर्यंत गेले.

"काठी झकास झाली रे," ते आत बसत म्हणाले. "मैनेच्या सासऱ्यालेबी एक लागन. माती तीच भर."