परचुरेकाकांचा डोंबिवली जोडसंच

हे मी घरीही कधी बोललेलो नाही. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी परचुरेकाकांबरोबर पत्त्यांचा एक खेळ खेळतो, आणि त्या खेळातलं मला काडीचं कळत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर नियम समजावले आणि विचारलं, "कळलं ना?" मी "हो" म्हणालो. चहा पिऊन झाला होता, घरी जायचं होतं. त्यानंतर विचारायची सोयच राहिली नाही.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमधून रिटायर झाले. काकू गेल्यावर माळा आवरताना त्यांना बुटांचा एक खोका सापडला. त्यात अमेयचे, म्हणजे त्यांच्या मुलाचे, शाळेतले पत्ते होते: ड्रॅगन, चेटकिणी, आग ओकणारे बैल. पोरं ते जमवायची आणि आपला राक्षस दुसऱ्याच्या राक्षसावर सोडायची. "दहावीनंतर बघू," म्हणून काकांनीच तो खोका माळ्यावर टाकला होता. दहावीनंतर बारावी आली, मग इंजिनिअरिंग, मग कॅनडा.

काकांनी शब्दकोश घेऊन नियमांचं पुस्तक वाचलं आणि निकाल दिला, "तत्त्वतः खेळ चांगला आहे. पण हे ड्रॅगन डोंबिवलीत टिकायचे नाहीत."

म्हणून त्यांनी जोडसंच काढला, म्हणजे मूळ पत्त्यांत मिसळायचे डोंबिवलीचे पत्ते. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या आणि कोऱ्या बाजूला स्केचपेनने चित्र काढायचं. 'टँकर: येतो म्हणाला. समोरच्याने वाट पाहावी.' 'सेक्रेटरी: समोरच्याचा हल्ला पुढच्या सभेपर्यंत तहकूब.' 'शीळफाट्याचं ट्रॅफिक: आत शिरलेला राक्षस बाहेर पडत नाही.' 'रिक्षावाला: तिकडे जाणार नाही.' मागच्या बाजूला कुठे अर्धवट 'चि. सौ. कां.', कुठे मुहूर्त, असं प्रत्येक पत्त्यावर वेगळं दिसायचं, त्यामुळे समोरच्याच्या हातात काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. "मागची बाजू वाचायची नाही," काका बजावायचे. "नियम म्हणजे नियम."

डाव कधी पुरा व्हायचा नाही. जेवायची वेळ झाली की काका म्हणायचे, "उरलेला पुढच्या रविवारी."

प्रत्येक नवा पत्ता आधी माझ्यासमोर यायचा. "लॅबमध्ये दुसऱ्या सहीशिवाय एक डबा गेटबाहेर गेला नाही. नीट तपास, सुधीर. अमेय दिवाळीला येतोय, त्याच्यासमोर मांडायचाय. फोनवर आमचं दोघांचं हवामानाच्या पुढे जात नाही रे." मी पत्त्याकडे बघून मान हलवायचो आणि कोपऱ्यात सही ठोकायचो.

अमेय आला. भाऊबीज, नातेवाईक, बँकेची कामं यांत दिवस संपले, आणि निघायच्या दुपारी, बॅगा दारात असताना, काकांनी संच मांडला. मला पंच म्हणून बोलावलं.

सेक्रेटरीचा पत्ता बघून अमेय खो खो हसला. रिक्षावाल्याचा तर त्याने फोटोच काढून घेतला. काका ताठ बसले होते. मग अमेयने पत्ते पुन्हा वरखाली केले आणि त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

"बाबा, तुमचं प्रत्येक कार्ड समोरच्याला थांबवतंय."

"मग?"

"मग पुढे कोण जाणार? माझे ड्रॅगनसुद्धा शीळफाट्यात अडकलेत. यात कुणी जिंकूच शकत नाही. हा गेम संपणारच नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पण हे तपासलेलं आहे. सुधीरची सही आहे सगळ्यांवर."

मी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "संपणारच नाही म्हणतोस? तत्त्वतः?"

"नाही ना."

"मग टाक की. तुझीच पाळी आहे."

अमेयने दारातल्या बॅगांकडे पाहिलं. मग फोन काढून टॅक्सी पुढे ढकलली, बूट काढले आणि सतरंजीवर मांडी घालून बसला. पत्ता टाकला. टँकर.

"वाट बघा, बाबा."

"बघतोय," काका म्हणाले.

अमेय परत गेला. काका अजून नवे पत्ते आणतात आणि मी अजून सही करतो. मला हा खेळ कधीच कळला नाही, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलेलं आहे.