कुसुमकाकूंचा गरम पाण्याचा पाइप

पाइप जोडण्याच्या सोल्युशनचा तो गोडसर, नाकात झोंबणारा वास आला, की समजावे, दारव्ह्याच्या आमच्या गल्लीत कुसुमकाकू आल्या. नवऱ्यामागे पाइपांचे दुकान त्यांनी एकटीने चालवले. त्या वासाने त्यांच्या पदरात कायमचे घर केले आहे.

माणसांची पारखही त्या पाइपांवरूनच करतात. लवकर ढिला पडणारा तो पीव्हीसी: "साठ डिग्रीच्या वर गेला का संपला!" सोशिक तो सीपीव्हीसी: "त्र्याण्णवपर्यंत हूं नाई का चूं नाई." माझ्या नवऱ्याला निरखून त्या एकदा म्हणाल्या, "हा साठवालाच दिसते, बाई. सांभायून तापवत जा."

भाताची उकळती पेज कोणी मोरीत ओतताना दिसली, की थंड पाण्याची बादली घेऊन काकू धावतात. "काहून उकयतं ओतून राह्यली वं? खालचा पाइप पीव्हीसीचा आहे. त्याले काय तोंड आहे वरडाले?"

त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात मात्र सीपीव्हीसीचा पिवळसर पाइप आहे, पुण्याच्या नातींसाठी हौसेने बसवलेला. नाती येतात त्या मे महिन्यात, जेव्हा टाकीतले साधे पाणीच अंग भाजते. काकू बारा महिने गार पाण्याने न्हातात. गीझरवर टॉवेल वाळतात.

या डिसेंबरात आमच्या भाड्याच्या घरातला गरम पाण्याचा पाइप वाकून सांध्यातून निसटला. घरमालकाने तिथे साधा पीव्हीसी लावला होता. तो लोंबणारा पाइप पाहून काकूंचा चेहरा उजळला.

"झोपला नं बिचारा! चाल माह्या घरी आंघोयीले."

वाफेने भिंती धूसर झाल्या, बोटांतली थंडी हळूहळू सुटली. मी बाहेर आले, तर काकू न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवरून आत गेलेल्या त्या पिवळसर पाइपावर तळवा ठेवून उभ्या. लेकराचा ताप पाहावा तशा.

"तापला वं. पयल्यांदाच," त्या पुटपुटल्या.

चहा घेऊन निघताना मी सांगितले, "घरमालक संध्याकाळपर्यंत पाइप बदलून देणार आहेत, काकू."

"कोन्ता लावते?"

"सीपीव्हीसी. तुम्ही सांगता तोच."

सीपीव्हीसीचे नाव ऐकून त्यांना आनंद झाला नाही, असे मी प्रथमच पाहिले. चौकटीला टेकून त्यांनी माझ्या ओल्या टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न पाहताच त्या म्हणाल्या,

"उद्या येशीन नं?"