निःपक्षपाती प्रोपेलर

सरकारी बोटीचा प्रोपेलर खडकाला लागून मोडला, ही घटना तशी किरकोळ होती. जलाशयापलीकडच्या वस्तीतल्या माणसांना अलीकडच्या दवाखान्यात आणणारी ती एकुलती एक बोट. पण सरकारी वस्तू मोडण्यासाठीच असते आणि ती बदलण्यासाठी भांडार अधिकारी असतो. तेव्हा कचेरीत काळजीचं कारण नव्हतं. काळजी साहेबांच्या घरी होती. भांडार अधिकारी साहेबांची लेक पलीकडच्या वस्तीत दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते.

“अहो, तेवढं प्रोपेलरचं लवकर बघा,” बायको म्हणाली. “पोरगी तिकडे अडकून पडलीय.”

“माझी मुलगी तिकडे आहे, म्हणूनच तर मला घाई करता येत नाही,” साहेब म्हणाले. “लोक काय म्हणतील?”

साहेबांचा निःपक्षपातीपणा खात्यात प्रसिद्ध होता. कचेरीच्या एका खोलीला आग लागली तेव्हा अग्निशामक दलाला फोन करायचं त्यांनी टाळलं होतं, कारण आत त्यांची स्वतःची छत्री होती.

बोटचालक भेटायला आला. “साहेब, जुना होता तसाच मागवा की.”

“जुना मोडला. म्हणजे तो नापास झाला. नापासाला पुन्हा कसा घ्यायचा?”

“मग चांगला मोठा मागवा. रुबाब तरी येईल.”

“हे बघा, बोटीत बसणार तुम्ही. बोट नीट चालली तर फायदा तुमचा. म्हणजे तुमचा हितसंबंध आला. निवडीत तुम्हाला तोंड उघडता येणार नाही.”

बोटचालकाला आपला कधी फायदा झाल्याचं आठवेना. पण साहेब म्हणतायत म्हणजे झाला असेल, असं समजून तो बाहेर बाकावर जाऊन बसला.

त्याच न्यायानं निवड समिती नेमताना बोटीतून कधी गेलेले, काठावर राहणारे आणि पोहता येणारे असे सगळे वगळले. उरले उद्यान अधीक्षक, निवृत्त हस्ताक्षर परीक्षक बाई आणि एक गृहस्थ, ज्यांनी बोट फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. गृहस्थांना अध्यक्ष केलं.

दुकानदार तीन प्रोपेलर घेऊन आला. “मोटर किती ताकदीची आहे? माणसं किती बसतात? ओझ्याची बोट असली तर—”

“थांबा!” परीक्षक बाई कडाडल्या. “हा कुठल्या बोटीला लागणार ते आम्हाला कळताच कामा नये. उत्तरपत्रिकेवर कधी नाव असतं का?”

“अहो बाई, पण बोट कळल्याशिवाय प्रोपेलर निवडायचा कसा?”

“तुम्ही विकणार. म्हणजे तुमचाही हितसंबंध.”

दुकानदारही बाकावर आला. बोटचालकानं सरकून जागा दिली.

चाचणीसाठी मोटर सभागृहातल्या टेबलाला आवळून बसवली. उद्यान अधीक्षकांनी भीतभीत सुचवलं, की खाली पाण्याचं पिंप ठेवावं. अध्यक्षांनी ते फेटाळलं. पाण्यात तपासलं तर जो पाण्यासाठी बनलाय त्यालाच झुकतं माप मिळेल, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि त्यात खोट काढणं कुणाला जमेना.

पहिल्या प्रोपेलरनं मागचे पुढचे सगळे ठराव खिडकीबाहेर उडवले. दुसऱ्यानं चहाचे कप पाडले. तिसरा तळहाताएवढा होता. तो गुणी पोरासारखा फिरला आणि टेबलावरचा एक कागदही हलला नाही. ‘वर्तन शिस्तबद्ध’ असा शेरा मारून समितीनं तो एकमतानं निवडला.

मंजुरीच्या वेळी साहेबांनी मुलीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. सही अशा अधिकाऱ्याकडे गेली, ज्याचं पलीकडे कुणीच नव्हतं. तो रजेवर होता. तो परत येईपर्यंत साहेबांच्या बायकोनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

अखेर प्रोपेलर बसला, आणि त्याच सकाळी मुलीला कळा सुरू झाल्याचा जावयाचा फोन आला. बोट निघाली. रिकामी होती, वारा पाठीशी होता, त्यामुळे ती वाहत वाहत पलीकडे लागली. काठावर टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, पण बेतानंच, कारण ते बाप होते.

परतताना बोटीत लेक, जावई, शेजारणी आणि समोरून वारा. मध्यावर येऊन बोट थबकली. मोटर जिवाच्या आकांतानं किंचाळू लागली. टेबलावरचा कागद हलला नव्हता, तसंच आता पाणीही हलेना.

“अहो, पोरगी कण्हतेय,” बायकोनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. “इथवर ऐकू येतंय हो!”

साहेब धावत काठावरच्या मच्छीमाराकडे गेले. “होडी काढ! माझी मुलगी आहे त्यात!”

“साहेब, माणसं न्यायची नाहीत, अशी बंदी तुम्हीच घातलीत,” मच्छीमार शांतपणे म्हणाला. “सरकारी बोट बंद पडली की लोक माझ्याकडे येतात. म्हणजे माझा हितसंबंध आला ना?”

साहेबांना रडू फुटलं. खात्याचा, लोकांचा, कशाचाही विचार न करता त्यांनी भर काठावर मच्छीमाराचे पाय धरले. त्यानं पाय सोडवून घेतले आणि होडी पाण्यात लोटली.

यथावकाश चौकशी समिती नेमायचं ठरलं. साहेबांना वगळलं, ते बाप होते. काठावरच्या लोकांना वगळलं, त्यांनी प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. मच्छीमाराला वगळलं, तो भिजला होता. बोटचालक आणि दुकानदार बाकावर होतेच. खात्याला माणसं हवी होती ती अशी, की ज्यांचं त्या बोटीत कुणी नाही, ज्यांनी सगळं लांबून, कोरडं राहून, चवीनं वाचलं, जे अधूनमधून हसले, आणि होडी लोटल्यावर पोरीचं पुढे काय झालं, हे विचारायला कुठंही थांबले नाहीत.

आपली निवड एकमतानं झाली आहे. बैठक त्याच टेबलाशी होईल.