नाडकर्णींचा लॅटिट्यूड

आमच्या खालच्या मजल्यावरचे नाडकर्णी काका भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागत नाहीत, लॅटिट्यूड मागतात. ‘‘भैया, थोड़ा लैटिट्यूड दो।’’ भैयाही मुकाट्यानं एक जुडी पिशवीत टाकतो. मी करोल बागेत गाड्यांचे सुटे भाग विकून वर आलेला माणूस, सगळा जन्म घासाघिशीत गेला. मला कुणी फुकट काडी दिली नाही.

काका नकाशांच्या खात्यातून निवृत्त झाले. त्यांना या शब्दाचा अर्थ विचारायची चूक एकदाच करावी.

‘‘लॅटिनमध्ये लाटुस म्हणजे रुंद, जगदाळे. जुन्या लोकांना माहीत असलेलं जग पूर्व-पश्चिम लांब, दक्षिण-उत्तर आखूड. म्हणून ही रुंदी, लॅटिट्यूड, आपला अक्षांश. रुंदी आली की हातपाय पसरायला जागा आली, म्हणून मोकळीक.’’

तोवर आपली लिफ्ट निघून गेलेली असते.

पण मोकळीक मला द्यायची वेळ आली तेव्हा काकांचं लॅटिन आटलं. मी बाल्कनीबाहेर पत्र्याचं छप्पर बसवायचं ठरवलं, तर सोसायटीत यांची हरकत. का? तर म्हणे, ‘‘माझ्या अंगणातलं ऊन जाईल.’’ नोएडात, ऐन मे महिन्यात, या माणसाला ऊन हवं होतं.

भर दुपारी तणतणत खाली गेलो. काका अंगणात उघड्या डोक्यानं, एका उभ्या काठीपाशी उकिडवे बसले होते. हातात खडू.

‘‘काका, तुमचं म्हणणं तरी काय आहे?’’

‘‘थांबा, आता सगळ्यात आखूड होईल.’’

काठीच्या सावलीच्या टोकाला त्यांनी खूण केली, फोटो काढला आणि पाठवून दिला.

‘‘मुलीला, मुग्धाला. फ्लोरिडात असते, आपल्याच अक्षांशावर. ती शाळेत असताना एका काठीचे दोन सारखे तुकडे केले होते आम्ही. जाताना एक घेऊन गेली. तिकडे दुपार झाली की तिचा फोटो येतो. सावली एवढीच असते.’’

मी वाकून खडूची खूण पाहिली.

‘‘फोनवर बोलायला तिला सवड नसते हो,’’ हाताचा खडू पुसत काका म्हणाले. ‘‘खूण करायला मिनिट पुरतं.’’

मी वर बाल्कनीकडे पाहिलं.

‘‘किती ऊन लागेल?’’

‘‘हातभर पुरे.’’

‘‘दोन हात सोडतो.’’

‘‘अहो, हातभर म्हणालो मी.’’

‘‘दोन. त्याखाली मला परवडत नाही.’’