हेलिकॉप्टरच्या वहीतला अंगठा

हेलिकॉप्टर दुरुस्त झालं होतं, आभाळ निवळलं होतं, वैमानिक चहा पिऊन तयार होता. तरीही ते तलासरीच्या मैदानातून हलत नव्हतं, कारण त्याच्या वहीत रखमीचा अंगठा होता.

घोलवडच्या एका चिकूबागायतदाराने मुलाच्या वरातीसाठी हे हेलिकॉप्टर भाड्याने मागवलं होतं. वाटेत आत कसलासा दिवा लागला आणि ते इथे उतरलं. नवरदेव मुकाट्याने जीपने पुढे गेला. मुंबईहून गाडीने केणी साहेब नावाचे इंजिनियर आले आणि त्यांच्याबरोबर कागदपत्रं सांभाळणारा उमेश आला. उमेश मूळचा सरावलीचा, कंपनीत नवाच, नोकरी अजून कायम व्हायची होती. विमानाला पंख नसले तर एक वेळ चालेल पण वही पाहिजे, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. काय बिघडलं, काय बदललं, कोणी तपासलं, सगळं त्या वहीत लिहायचं. पानांना छापील नंबर. पान फाडायचं नाही, खोडरबर नाही, पांढरी शाई तर नाहीच. शेवटी परवानाधारक इंजिनियरची सही, की मगच उड्डाण. हा कायदा आहे आणि कायद्यापुढे वरातीचंही काही चालत नाही.

मैदानाला लागून असलेल्या पाड्यावरची रखमी सकाळपासून राखणीला बसली होती. पोरं आणि बकऱ्या हाकलायचं काम तिला उमेशनेच दिलं होतं. दुपारी केणींनी वहीत ‘दुरुस्ती पूर्ण, उड्डाणास योग्य’ असं लिहिलं. जेवून येऊन इंजिन एकदा चालवून बघू आणि मग सही करू, असं म्हणून ते उठले. वही बेवारस ठेवायची नाही असा नियम. म्हणून उमेशने जेवायला जाताना ती केणींच्या शिक्क्याच्या डब्यासकट रखमीच्या मांडीवर ठेवली आणि खाली ठेवू नका, असं बजावलं. रखमीने ती खाली ठेवली नाही. फक्त पान नीट बघितलं.

तिचा जन्म रस्त्याच्या कामावर गेला होता. साहेब लोक वहीत लिहितात, शिक्का मारतात, म्हणजे हजेरी लागते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर राबलेल्यांत तीही होतीच. शेवटची चौकट रिकामी दिसली. तिने केणींच्या शिक्क्याच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि चौकटीत उमटवला. रेषा न् रेषा स्वच्छ. हेलिकॉप्टर उडण्यास योग्य असल्याचा दाखला अशा रीतीने रखमीने दिला.

केणींनी जेवून येऊन पान बघितलं, अंगठा बघितला. मग म्हणाले, “उमेश, वही हातातून गेली कशी, हे उद्या मला लिहून दे.” उमेशला आपली नोकरी समोरच्या ताडावर चढून बसलेली दिसली.

चुकीवरही कायद्यात उपाय होता. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. केणींनी पेन उघडलं, तशी रखमीने मांडीवरची वही छातीशी धरली.

“रेघ मारायची नाय.”

“मावशी, ती चूक आहे,” उमेश काकुळतीला येऊन म्हणाला.

“चूक कशी? मी नव्हती इथं?”

होती, हे सगळ्यांनी कबूल केलं. तेव्हा तिने सांगितलं की रस्त्याच्या कामावर काम टाकून पळणाऱ्याच्या अंगठ्यावर मुकादम रेघ मारतो. तिच्या अंगठ्यावर एकदा अशी रेघ पडली होती, तीही खोटी. “आख्खा पाडा मना पलपुटी म्हनायचा. आता परत नाय.”

वैमानिकाने सूर्याकडे बघितलं. अंधारात या हेलिकॉप्टरला उडायची परवानगी नव्हती. केणींनी नियम समजावले, मग रागावले, मग पुन्हा नियम समजावले. वही हिसकावून घेणं सोपं होतं, पण पाडा भोवती जमला होता आणि बाई खरं बोलत होती. उमेशला तिची दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त आली.

“साहेब,” तो म्हणाला, “रेघ चुकीच्या नोंदीवर मारायची ना? ही नोंद खोटी नाही. फक्त जागा चुकलीय.”

केणींनी त्याच्याकडे नाइलाजाने बघितलं आणि मान हलवली. उमेशने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘वरील अंगठा राखणदार रखमी यांचा. त्या दिवसभर हजर होत्या. या अंगठ्याचा दुरुस्तीशी संबंध नाही.’ त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. ‘हजर होत्या’ एवढं तिने परत वाचायला लावलं आणि मग वही सोडली. केणींनी इंजिन चालवून बघितलं आणि खाली नवी नोंद करून सही केली.

“ही वही किती दिस ठेवता?” तिने विचारलं.

“हेलिकॉप्टर मोडीत निघालं तरी लगेच फेकता येत नाही. कायदाच आहे तसा,” उमेश म्हणाला.

रखमी पदराने अंगठा पुसायला गेली आणि न पुसताच थांबली.

पुढे वर्षाच्या तपासणीला सरकारी तपासनीस आले. त्या पानावर ते थांबले तेव्हा उमेशने मनातल्या मनात राजीनाम्याचा मायना जुळवला. तपासनीस गंभीरपणे म्हणाले, “इथे राखणदाराची नोंद आहे. बाकीच्या गावांत उतरलात तेव्हा राखण कोणी केली? नोंदी कुठायत?” त्या नव्हत्या. कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागला आणि वहीच्या नव्या छपाईत केणींच्या सहीशेजारी ‘राखणदार’ अशी चौकट आली. उमेशची नोकरी कायम झाली.

दुसऱ्या लग्नसराईत हेलिकॉप्टर पुन्हा तलासरीला उतरलं. उमेशने मोठ्या मानाने रखमीपुढे वही आणि पॅड ठेवलं. तिने पॅड बाजूला सारलं.

“अंगठा नाय. नातीनं सही शिकवली.”

ती जमिनीवर बैठक मारून बसली आणि पाटीवर गिरवावं तशी ठसठशीत अक्षरं काढू लागली. नाव राखणदाराच्या चौकटीत सुरू झालं, तिथे मावेना, आणि शेवटचं अक्षर ऐटीत केणींच्या चौकटीत जाऊन बसलं.

केणींनी पान बघितलं, सूर्याकडे बघितलं आणि उघडलेलं पेन उमेशच्या हातात दिलं. उमेश शेऱ्याच्या रकान्यात लिहायला बसला.